कातालेखो: सरकत्या नळीची, एका डोळ्याची दुर्बीण घरी कशी बनवायची आणि कशी वापरायची

जहाजावरचा कप्तान कमरेची आखूड नळी काढतो, ओढून लांब करतो आणि एका डोळ्याला लावून क्षितिज न्याहाळतो. त्या दुर्बिणीला स्पॅनिशमध्ये कातालेखो म्हणतात. 'कातार' म्हणजे बघणं आणि 'लेखोस' म्हणजे लांब. शब्द पुल्लिंगी आहे: एकवचनी 'एल कातालेखो', अनेकवचनी 'लोस कातालेखोस'. आघात 'ले'वर येतो आणि 'ख' घशातून, घासून निघतो. दोन डोळ्यांच्या लोलकवाल्या दुर्बिणीला तिकडे 'प्रिस्मातिकोस' म्हणतात, अर्जेंटिनात 'लार्गाविस्तास', आणि आकाश बघायच्या दुर्बिणीला 'तेलेस्कोपियो'. सरसकट प्रत्येक दुर्बिणीला कातालेखो म्हटलं तर ते चूक ठरतं. एक डोळा, हातात धरायची, नळ्या एकमेकींत सरकणाऱ्या आणि दृश्य सुलटं, असं असेल तरच तो शब्द बसतो. नळी उघडणं म्हणजे 'देस्प्लेगार', दृश्य स्पष्ट करणं 'एन्फोकार', आणि मिटवून ठेवणं 'प्लेगार'.

ही वस्तू नागपुरात घरी बनवता येते, आणि चांगली बनते. खेळण्याच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या नळीपेक्षा तिचं दृश्य कितीतरी स्वच्छ असतं, कारण भिंगं चष्म्याची वापरायची आहेत. चष्म्याच्या भिंगाचा नंबर मोजून दिलेला असतो आणि त्याचा पृष्ठभाग डोळ्यासमोर धरण्याच्या दर्जाचा असतो.

कोणती रचना घ्यावी

१६०८ साली हॉलंडमध्ये हान्स लिपरशी या चष्मे बनवणाऱ्याने दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतःची दुर्बीण बनवली. तिच्यात पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग होतं. दृश्य आपोआप सुलटं, नळी आखूड. केप्लरने १६११ साली दोन्ही भिंगं बहिर्गोल घेण्याची रचना मांडली. तिच्यात दृश्य जास्त रुंद मिळतं, पण उलटं. उलटं दृश्य पुन्हा सुलटं करण्यासाठी मधे आणखी भिंगं घालावी लागतात. आन्तोन मारिया शिर्ले द राइटा याने १६४५ साली तसं वर्णन छापलं, आणि पुढे जहाजांवर गेलेली लांब दुर्बीण त्याच वाटेने आली.

पहिली दुर्बीण गॅलिलिओच्या पद्धतीची, पाचपट मोठं दाखवणारी करा. हातात धरून पाचपट दृश्य स्थिर राहतं. दहापट केलं की हाताचं कापणंही दहापट दिसतं आणि नवशिक्याला वाटतं की भिंगं वाईट आहेत. चारभिंगी दहापट रचना शेवटी दिली आहे, पण ती दुसऱ्या खेपेची.

भिंगं

गणित सोपं आहे. १००० ला चष्म्याच्या नंबरने भागलं की नाभीय अंतर (लांबच्या वस्तूचं चित्र भिंगापासून जितक्यावर उमटतं ते अंतर) मिलिमीटरमध्ये मिळतं. प्लस २ चं भिंग म्हणजे ५०० मिमी, मायनस १० चं म्हणजे १०० मिमी. ५०० भागिले १०० म्हणजे पाचपट. दोन भिंगांतलं अंतर ५०० वजा १००, म्हणजे ४०० मिमी.

बर्डीवर चष्म्याची दुकानं भरपूर आहेत. गर्दीच्या वेळी, संध्याकाळी जाऊ नका. सकाळी जा, म्हणजे दुकानदार भिंग घासून द्यायला वेळ देईल. मागणी नेमकी करा: "भाऊ, प्लस दोनची आणि मायनस दहाची, एक-एक सिंगल व्हिजन लेन्स पाहिजे. सिलिंडर शून्य, टिंट नको, साधी प्लास्टिकची, अनकट." अनकट म्हणजे फ्रेमच्या आकारात न कापलेली पूर्ण गोल चकती, बहुधा ६५ किंवा ७० मिमी व्यासाची. मायनस दहाचं भिंग तयार नसेल तर मागवावं लागतं. सिलिंडर असलेलं भिंग चुकूनही घेऊ नका. त्याने एका दिशेच्या रेषा स्पष्ट आणि त्यांच्याशी काटकोनातल्या पुसट दिसतात आणि नळी कितीही सरकवली तरी दोन्ही एकदम जुळत नाहीत. एकाच भिंगात जास्त नंबर असलेली प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकलही बाद.

कापायच्या आधी दोन्ही भिंगं लेन्सोमीटरवर, म्हणजे नंबर मोजायच्या यंत्रावर, धरून ऑप्टिकल सेंटरवर (भिंगाच्या खऱ्या मध्यावर) शाईचा ठिपका मारून घ्या आणि त्याच ठिपक्याभोवती गोल कापायला सांगा. प्लस दोनचं भिंग ४१.५ मिमी व्यासाचं आणि मायनस दहाचं ३४ मिमी. हा ठिपका टाळला की सगळ्यात जास्त नुकसान होतं. डोळ्याजवळचं भिंग दोन मिमी जरी सरकलं तरी प्रत्येक वस्तूला एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला तांबूस कड दिसते. ती नंतर कशानेच जात नाही. मायनस दहाचं भिंग मधे पातळ आणि कडेला साडेचार मिमीच्या आसपास जाड निघेल. ते तसंच असायला हवं.

घरी आल्यावर प्लस दोनचं भिंग तपासा. खोली अंधारी करा, एकच खिडकी उघडी ठेवा, भिंग खिडकीसमोर धरा आणि मागे पांढरा कागद पुढे-मागे करा. समोरची लांबची इमारत किंवा झाड कागदावर उलटं उमटेल. भिंग आणि कागद यांतलं अंतर ५० सेंटीमीटरच्या जवळ आलं पाहिजे. ही चाचणी सूर्यावर करू नका. एवढं भिंग उन्हात धरलं की कागद जळतो, आणि डोळा त्याहून लवकर.

नळ्या

आतली नळी ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपची. हार्डवेअरच्या दुकानात पाइपचा आकार बाहेरच्या व्यासाने सांगतात, त्यामुळे ४० म्हणजे बाहेरून ४०. लांबी २५० मिमी. हॅक्सॉने कापल्यावर दोन्ही तोंडं काचपेपरवर सपाट घासा, नाहीतर भिंग तिरकं बसेल.

बाहेरची नळी मात्र विकत घेऊ नका, गुंडाळून करा. पाइपवर पाइप बसवायला गेलं की ५० मिमीच्या पाइपात ४० चा पाइप खडखडतो आणि मधली पोकळी भरता भरता अक्ष वाकडा होतो. कागदाची नळी आतल्या नळीवरच गुंडाळली की ती मापातच जन्माला येते.

पाइपचाच आणखी एक ३५० मिमीचा तुकडा साचा म्हणून घ्या. त्यावर वर्तमानपत्राचा कागद घट्ट गुंडाळत जा, परीघ १३२ मिमी होईपर्यंत. कागदाची पट्टी वेढून, जिथे ती जुळते तिथे खूण करून परीघ मोजा. व्यास मोजण्यापेक्षा ते जास्त नेमकं येतं. १३२ मिमी परीघ म्हणजे ४२ मिमी व्यास. त्यावर प्लास्टिकच्या पातळ पिशवीचा एक वेढा, म्हणजे गोंद चिकटणार नाही.

एका पूर्ण ड्रॉइंग शीटमधून ३०० मिमी रुंद आणि ५६० मिमी लांब अशा दोन पट्ट्या निघतात. कापण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा. ज्या दिशेने तो सहज वळतो त्याच दिशेने गुंडाळा. तीन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी असं मिश्रण ब्रशने पातळ लावा. पाणी वाढवलं तर कागद फुगतो आणि वाळताना नळी केळ्यासारखी वाकते. पहिल्या पट्टीचं टोक जिथे संपेल तिथेच, वर न चढवता, दुसरी सुरू करा. दोन्ही मिळून आठेक वेढे होतात आणि भिंत दीड ते दोन मिमीची बनते. प्रत्येक वेढ्यानंतर कोरड्या फडक्याने मधून कडेकडे दाबत हवा काढा.

उन्हाळ्यात ही नळी एका दिवसात वाळते. मात्र गच्चीवर उन्हात ठेवू नका. नागपूरच्या उन्हात बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि सांधा उकलतो. पंख्याखाली उभी ठेवा. पावसाळ्यात दोन-तीन दिवस द्या. काढताना आधी साच्याचा पाइप ओढा, मग आतलं वर्तमानपत्र सोलून काढा. सगळं एकदम ओढायला गेलात तर नळी फाटेल. वाळल्यावर बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात द्या, आणि दोन्ही तोंडांच्या कापलेल्या कडांना तीन. पावसाळी दमट हवा या उघड्या कडांतून शिरते, कागद फुगतो आणि जुलैमध्ये नळी अडकून बसते.

आतला भाग दोन्ही नळ्यांचा काळा करा, आणि काळा म्हणजे चमक नसलेला काळा. फळ्याला लावायचा रंग उत्तम. पीव्हीसीचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत असतो. आधी काचपेपर मारल्याशिवाय रंग धरत नाही. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून बरेच जण सोडतात, आणि मग दृश्यावर दुधाळ पडदा येतो. भिंगं तीच, नळी तीच, फक्त आतल्या भिंतीवरून परतलेला उजेड डोळ्यात जातो.

त्याच कामासाठी काळ्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या आतल्या नळीत बसवा. पुढच्या तोंडाशी ३० मिमी भोकाची एक, आणि नळीच्या मध्यावर २२ मिमी भोकाची दुसरी.

सरकण्यासाठी मखमल. गांधीबागेत कापडाच्या दुकानात उरलेला तुकडा मागितला तरी पुरतो. २० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या बाहेरच्या नळीच्या मागच्या बाजूला आतून चिकटवा: एक अगदी तोंडाशी, दुसरी तिच्यापासून ६० मिमी आत. लव आतल्या बाजूला. दोन ठिकाणी आधार मिळाला की आतली नळी डुलत नाही. एकच रुंद पट्टी लावली तर नळी सरकवताना दृश्य वर-खाली उडी मारतं.

जुळवणी

पुढचं भिंग बाहेरच्या नळीत, तोंडापासून १५ मिमी आत. फुगीर बाजू बाहेर, दृश्याकडे. चष्म्याचं भिंग एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने खोलगट असतं. उलटं बसवलं तर कडेचं दृश्य जास्त बिघडतं. भिंगाच्या मागे आणि पुढे पुठ्ठ्याचं दोन मिमी रुंद कडं. मागचं कडं चिकटवा, पुढचं एका जागी कापून फट ठेवा आणि नुसतं दाबून बसवा, म्हणजे पुसायला भिंग काढता येईल. भिंगाला थेट गोंद लावू नका.

डोळ्याजवळचं भिंग आतल्या नळीच्या मागच्या तोंडापाशी, जास्तीत जास्त तीन मिमी आत, खोलगट बाजू डोळ्याकडे. नळीत ते थोडं सैल बसेल. कागदाची पट्टी भोवती वेढून मधोमध आणा. त्यावर १२ ते १५ मिमी भोकाचं पातळ झाकण. इथे जाड रबरी डोळकप लावायचा मोह होतो, पण लावू नका. या रचनेत डोळा जितका मागे जाईल तितकं दृश्य अरुंद होतं.

दृश्य किती मिळतं तेही आधीच सांगणं बरं. या मापांत जवळजवळ एक अंश. म्हणजे १०० मीटरवर सुमारे १.६ मीटरचं वर्तुळ, एक किलोमीटरवर सोळा मीटरचं. उभा माणूस शंभर मीटरवर जेमतेम मावतो. पुढच्या भिंगावर कागदाचं छोटं भोक ठेवून स्पष्टता वाढवण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी सांगितलेली असते. ती या दुर्बिणीला लावू नका. गॅलिलिओच्या रचनेत उजेडाची वाट डोळ्याची बाहुलीच अडवते. दुपारी बाहुली अडीच मिमीची असेल तर पुढच्या भिंगाचा साडेबारा मिमीचाच भाग एका वेळी कामाला येतो. पुढे भोक लावलं की स्पष्टता तेवढीच राहते आणि दृश्य मात्र आणखी आकसतं. यातूनच दुसरी गोष्टही कळते. ही दुर्बीण दुपारी धारदार आणि तिन्हीसांजेला मऊ का दिसते? बाहुली मोठी होते, भिंगाचा जास्त भाग वापरात येतो आणि एकेरी भिंगाचा रंगदोष, म्हणजे वस्तूंच्या कडेला रंग फाकणं, उघडा पडतो. दुर्बीण बिघडलेली नसते.

नळी किती ओढायची

पहिल्यांदा आतली नळी बारा सेंटीमीटर बाहेर दिसेल एवढी ओढा. दूरचं दृश्य इथेच कुठेतरी सापडेल. सापडलं की आतल्या नळीवर बारीक खूण करा. २० मीटरवरची वस्तू बघायला नळी त्या खुणेपासून १३ मिमी आणखी बाहेर काढावी लागते, १० मीटरवर २६ मिमी. पाच मीटरवरचं बघायचा आग्रह धरू नका, तेवढ्याला नळ्यांची पकड उरत नाही.

मायनस नंबरवाल्यांनी चष्मा काढून बघावं आणि नळी आत ढकलावी: मायनस १ ला ११ मिमी, मायनस ३ ला ४३ मिमी. प्लसवाल्यांची नळी बाहेर येते. प्लस २ ला १७ मिमी. घरातल्या प्रत्येकाची खूण वेगळ्या रंगाने करा, म्हणजे दुर्बीण हातोहात फिरताना दर वेळी शोधाशोध होत नाही. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवूनच बघा. दृश्य थोडं अरुंद होईल, पण स्पष्ट राहील.

बघताना दुसरा डोळा मिटू नका. मिटलेल्या डोळ्याचे स्नायू उघड्या डोळ्यालाही ताणतात. आधी उघड्या डोळ्यांनी लक्ष्य पकडा, नजर तिथेच ठेवा, आणि दुर्बीण नजरेच्या रेषेत वर आणा. दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलं तर एका अंशाच्या खिडकीत तो सापडत नाही. डावा हात बाहेरच्या नळीच्या पुढच्या भागाखाली, उजवा हात आतल्या नळीवर, दोन्ही कोपरं छातीला टेकलेली. नळी सरळ ढकलू नका. किंचित पिळत सरकवा.

सरावाला अंबाझरी किंवा फुटाळ्याचा काठ चांगला. पाणकावळा पंख पसरून एका जागी बराच वेळ बसतो, त्यामुळे नळी जुळवायला उसंत मिळते. गोरेवाड्याच्या जंगलात झाडीमुळे अंतर सारखं बदलतं. तिथे नंतर जा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत बघून घ्या. नंतर तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आणि दृश्य पाण्याखाली असल्यासारखं लवलवतं. कितीही नळी सरकवली तरी ते थांबत नाही. रात्री चंद्राची कड बघा, कृत्तिका बघा. नुसत्या डोळ्याला सहा-सात दिसणाऱ्या कृत्तिकांत आणखी तारे दिसतात.

सूर्याकडे कधीही रोखू नका, उगवता-मावळता असला तरी नाही. आणि नागपुरात एक पथ्य आवर्जून पाळायचं: अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, वायुसेनानगर, विमानतळ या भागांकडे दुर्बीण लावू नका. संरक्षण खात्याच्या हद्दीजवळ हातात अशी नळी दिसली तर विचारपूस होणारच. लोकांच्या खिडक्यांकडेही नाही.

निगा

मेमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. तिथे दुर्बीण राहिली तर पीव्हीसी मऊ पडून वाकतो आणि भिंगावर कोटिंग असेल तर त्याला बारीक तडे जातात. म्हणूनच भिंग साधं घ्यायला सांगितलं. उन्हाळ्यातली धूळ किरकिरी असते. सदऱ्याच्या टोकाने पुसलं की प्लास्टिकवर कायमचे ओरखडे. आधी रबरी फुगा दाबून धूळ उडवा, मग ओलसर मायक्रोफायबर. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. दमट कपाटात बंद राहिलेल्या भिंगावर बुरशीचे जाळे धरतात.

दुसऱ्या खेपेला: चार भिंगांची, दहापट

खरा जहाजी कातालेखो हवा असेल तर पुढे तेच प्लस दोनचं भिंग, आणि मागे ५० मिमी नाभीय अंतराची तीन सारखी भिंगं लागतात. घड्याळजी वापरतात ते पाचपट भिंग याच मापाचं असतं. क्रम असा: पुढच्या भिंगापासून ५५० मिमीवर पहिलं छोटं भिंग, तिथून १०० मिमीवर दुसरं, तिथून आणखी १०० मिमीवर डोळ्याचं. एकूण ७५० मिमी, म्हणून नळ्या दोनऐवजी तीन करा. मधली दोन भिंगं एका स्वतंत्र छोट्या नळीत पक्की बसवा. ती दोन एकमेकांपासून हलता कामा नयेत. जुळवताना सगळ्यात मागची नळी सरकवायची.

इथे नियम उलटे होतात. पुढच्या भिंगावर २० ते २५ मिमी भोकाची चकती लावायचीच, कारण या रचनेत ती खरोखर रंगदोष कमी करते. मधल्या दोन भिंगांमध्ये, पहिल्यापासून ५५ मिमीवर, ३ मिमी भोकाची काळी चकती बसवा. नळीच्या भिंतीवरून आलेला फालतू उजेड तिथेच अडतो. दुसऱ्या भिंगाच्या मागे ५० मिमीवर १२ मिमी भोकाची चकती लावली की दृश्याला स्वच्छ गोल कड मिळते. आणि डोळा भिंगाला चिकटवायचा नाही, चार-पाच सेंटीमीटर मागे ठेवायचा. म्हणून मागे तेवढ्या लांबीचा कप जोडा. पहिल्या दुर्बिणीची सवय झालेला माणूस इथे डोळा टेकवतो आणि त्याला मधे उजेडाचा लहानसा ठिपका दिसतो. हळूहळू डोळा मागे घ्या, ठिपका वाढत जाऊन पूर्ण वर्तुळ भरेल. थोडी रंगीत कड राहीलच. ती घालवायला दोन प्रकारच्या काचांचं जोडभिंग लागतं, ज्याचं पेटंट लंडनच्या जॉन डॉलंडला १७५८ साली मिळालं. मोडक्या बायनॉक्युलरमधून तसं भिंग काढता येतं, मात्र त्याचं नाभीय अंतर खिडकीच्या चाचणीने मोजून वरची सगळी अंतरं पुन्हा मांडावी लागतात.